पायथ्याचीं माणसें

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांतील नागासाकी येथें एका टेकडीवर २६ ख्रिस्ती माणसांना क्रुसांवर बांधून भाल्यांनीं ठार मारण्यांत आलें. त्यांत एक जण आपल्या वसईचा होता. पोर्तुगीज बाप व येथलीच आई यांच्या पोटीं जन्मलेला गोन्सालो गार्सिया प्रथम व्यापारी होता. पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत शिरून तो जपानांत धर्मगुरूंचा दुभाषी झाला. १८६२ सालीं रोमनें त्याला संतपद दिलें. परंतु मला आज बोलावयाचें आहे तें त्या टेकडीवरच्या वीरांविषयीं नव्हे, तर तिच्या पायथ्याशीं जीं माणसें जिवंत राहिलीं त्यांच्याविषयीं. हौतात्म्याला एक दिवस पुरतो. नंतरचीं २५० वर्षें कशीं काढावयाचीं, हा प्रश्न मागें उरलेल्यांचा असतो.

१६१४ सालीं तोकुगावा राजवटीनें साऱ्या देशांत ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. लपून राहिलेले धर्मगुरु एकामागून एक पकडले गेले, आणि १६४४ नंतर भाविकांजवळ एकही उरला नाहीं. त्यांतच ‘फुमिए’ नांवाची कसोटी निघाली. ख्रिस्ताची किंवा मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवून तिच्यावर पाय द्यावयाचा. न देईल तो पकडला जाई. नागासाकीच्या मुलुखांत ही कसोटी दरवर्षीं होई.

आतां उराकामी खेड्यांतील एखाद्या शेतकऱ्याची अवस्था डोळ्यांपुढें आणा. त्यानें पाय दिला. भीतीनें दिला, मुलाबाळांसाठीं दिला. घरीं आल्यावर तो दार लावून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणे. पापनिवेदन ऐकावयास कोणी नसलें तरी मनापासून केलेला पश्चात्ताप देव स्वीकारतो, ही शिकवण धर्मगुरूंनीं १६०३ सालच्या एका लहानशा पुस्तिकेंत लिहून ठेविली होती. तिच्या हस्तलिखित नकला पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या. पडलेल्यालाही उठतां येतें, एवढ्या एका आधारावर हीं माणसें जगलीं.

या आशेला त्यांनीं कामें लावून दिलीं होतीं. गांवांत एक जण पंचांग सांभाळी आणि नाताळ व उपासाचे दिवस सांगे. दुसरा बालकांना बाप्तिस्मा देई. तिसरा घरोघर निरोप नेई. प्रार्थनांतील लॅटिन शब्दांचा अर्थ विसरला, पण उच्चार सुटले नाहींत. कान्नोन या बौद्ध देवतेच्या मूर्तींत ते मरियेला पाहात. सात पिढ्यांनंतर मोठ्या जहाजांतून धर्मगुरु पुन्हा येतील, असें भाकीत वडील मुलांना सांगत.

१७ मार्च १८६५ रोजीं नागासाकीच्या ओउरा भागांतील नव्या चर्चच्या दाराशीं उराकामीचीं पंधराएक माणसें आलीं. परदेशी लोकांसाठीं बांधलेल्या या चर्चमध्यें पेतिझां नांवाचे फ्रेंच धर्मगुरु होते. एका स्त्रीनें जवळ येऊन त्यांना हळूच सांगितलें कीं आमचें अंतःकरण आपल्यासारखेंच आहे. आणि मरियेची मूर्ति कोठें आहे म्हणून विचारलें.

गोष्ट येथें संपती तर बरें होतें. पण बंदी अद्याप उठली नव्हती. १८६८ पासून उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार करण्यांत आलें. त्यांतले सहाशेंहून अधिक परमुलुखांतच मेले. १८७३ सालीं बंदीचे फलक उतरले व उरलेले घरीं आले. गांवच्या प्रमुखाच्या ज्या जागेंत फुमिए होई, तीच त्यांनीं विकत घेतली आणि तेथें चर्च उभारलें. ९ ऑगस्ट १९४५ रोजीं अणुबाँबनें तें चर्च व त्या वस्तींतील हजारों ख्रिस्ती नाहींसे केले. त्याच वर्षीं नाताळच्या आदल्या रात्रीं ढिगाऱ्यांतून काढलेली घंटा वाजली, आणि १९५९ सालीं चर्च पुन्हा उभें राहिलें.

आशा म्हणजे लौकरच सुटका होईल ही खात्री, असा आपला समज असतो. उराकामीच्या मधल्या साऱ्या पिढ्या सुटका न पाहतांच गेल्या. त्यांनीं पंचांग चुकूं दिलें नाहीं आणि प्रार्थना मुलांच्या तोंडीं बसविल्या. संतांच्या यादींत त्यांचीं नांवें नाहींत. परंतु १८६५ सालीं ओउराच्या दाराशीं येऊन उभीं राहिलीं तीं त्यांचींच नातवंडें-पतवंडें होतीं.