आवाजाचा जमाखर्च

मोटार हे मुळात आवाज करण्यासाठीच जन्माला आलेलं यंत्र. त्यात बसून गाणं ऐकायचं म्हणजे पिठाच्या गिरणीत ठुमरीची बैठक भरवण्यातला प्रकार. पण हौसेला मोल नसतं. 1930 साली शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन यांनी आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला आणि अटलांटिक सिटीत भरलेलं रेडिओ-उत्पादकांचं अधिवेशन गाठलं. आत स्टॉल नव्हता. गृहस्थांनी गाडी बाहेरच उभी केली आणि रेडिओ मोठ्यानं लावून दिला! ऑर्डरी मिळाल्या. रेडिओचं बारसं झालं : मोटोरोला.

गॅल्व्हिनसाहेबांच्या कर्जाची एक आख्यायिका आहे. बँकर खूष व्हावा म्हणून त्याच्या पॅकार्ड गाडीत त्यांनी रेडिओ बसवून दिला. अर्ध्या तासात गाडी पेटली. कर्ज नामंजूर. बँकेत वीस वर्षं काढल्यावर मला यातली एकच गोष्ट अशक्य वाटते : निकाल इतक्या लवकर लागला ही.

त्या काळी खरा वैरी होता स्पार्क प्लग. त्याची प्रत्येक ठिणगी म्हणजे एक चिमुकलं रेडिओ-केंद्रच. गायिकेनं तान घेतली की खरखरीची साथ हजर! त्यावर उपाय निघाले. 1955 साली फिल्को कंपनीनं नुसत्या ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ आणला, व्हॉल्व्ह गेले. आगंतुक आवाजानं मात्र घर सोडलं नाही, फक्त खोली बदलली.

आता डिकीत अ‍ॅम्प्लिफायर असतो, शेजारी पिंपाएवढा सबवूफर. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाण्यामागून 'कूंऽऽ' असा सूर चढत जातो. तो अल्टरनेटरचा. मालक घाईघाईनं अ‍ॅम्प्लिफायर बदलतो, सूर तस्साच! दोष बहुतेक वेळा अर्थिंगचा. मोटारीत विजेला परतीची वेगळी वायर नसते, गाडीचा पत्राच ते काम करतो. आमच्या खातेवहीत 'नावे' तेवढं 'जमा' लागतं, तसंच हे. बोल्ट रंगावरच आवळला की जमेची बाजू लंगडी. रंग खरवडून, चकचकीत पत्र्यावर, आखूड वायरनं अर्थ द्यावा.

दुसरा घोटाळा बेरजेचा. 4 ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडले की 8 होत नाहीत, 2 होतात! एकामागोमाग जोडले तर 8. या हिशेबाचं मूळ गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकानं 1827 सालीच मांडून ठेवलंय. 2 ओहम न झेपणारा अ‍ॅम्प्लिफायर तापतो, लाल दिवा लावतो आणि मौनात जातो.

राहता राहिला फ्यूज. तो बॅटरीला खेटून हवा. पुष्कळ लोक तो अ‍ॅम्प्लिफायरपाशी लावून निर्धास्त होतात. त्यानं अ‍ॅम्प्लिफायर वाचेल, पण मधली दहा-बारा फूट वायर कुठं पत्र्याला घासली तर तिला जामीन कोण? आणि फ्यूज उडाला म्हणून त्याजागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणाऱ्यांनी एवढंच करावं : आधी पॅकार्डवाल्या बँकरचं स्मरण करावं.