गोंगाटातला एक आवाज



यंदा गणपतीत तुम्ही सगळे मुरबाडला जमलात आणि मी आपला कोपऱ्यात गप्प. "अण्णा रुसलेत" असं कुणीतरी म्हणालं म्हणे. रुसलो नव्हतो हो! कानातलं यंत्र सगळ्यांचेच आवाज मोठे करतं. दहाजण एकदम बोलू लागलात की एकाचंही धड समजत नाही.

इंजिनिअर नातीला हे सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, मोबाइलच्या टॉवरचं दुखणंही हेच." बी.ए.ला इतिहास घेतलेल्या माणसाला एवढा धागा पुरला.

२००३ च्या सुमारास आपल्याकडे सीडीएमए फोन आले होते, आठवतं? आता ते बंद झाले. त्यात सगळे एकाच वेळी, एकाच पट्ट्यात बोलायचे. प्रत्येक फोनला वेगळी सांकेतिक खूण. टॉवर ती खूण लावून एकेकाचं बोलणं वेचायचा, बाकीच्यांची गुणगुण उरायची. पण जवळचा फोन जोरात असला की लांबचा बुडायचा. म्हणून टॉवर जवळच्याला सारखा बजावायचा, हळू! १९८० च्या दशकात सर्जिओ व्हर्दू या स्पॅनिश संशोधकाने पुढचं दाखवलं. इतरांचं बोलणं म्हणजे नुसता गोंगाट नव्हे, त्यालाही घडण असते. सगळ्यांचं एकत्र ओळखायला घेतलं, तर प्रत्येकाचं अधिक नीट कळतं.

याच दुखण्याशी झगडणारी मोठी जागा आपल्या शेजारीच आहे. माळशेज चढून ओतूरवरून नारायणगावला गेलं की जवळच खोडद. डॉ. गोविंद स्वरूप यांनी १९९० च्या दशकात तिथे रेडिओ दुर्बीण उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत. रेडिओ लहरींचा गोंगाट कमी, म्हणून तर ही जागा निवडली. पुढे गावोगाव मोबाइल आले. विजेच्या तारांच्या ठिणग्या होत्याच. आपलं बोलणं हाच त्यांचा गोंगाट!

मोबाइलचे पट्टे तिथे गाळणी लावून अडवतात. ठिणग्यांसाठी संगणक लहरींची मधली पातळी काढतो आणि तिच्या फार वर उसळलेलं कापतो. सरासरी का नाही? वर्गात एकाला शंभर मार्क पडले तर सरासरी चढते, मधल्या नंबराचे मार्क जागचे हलत नाहीत. आयुष्यभर निकालपत्रकं केली, त्यामुळे हे मला लगेच पटलं.

१९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापरेली यान मंगळावर उतरत होतं. सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून आलेला त्याचा क्षीण संदेश खोडदला ऐकू आला. कोणत्या लहरीवर कान द्यायचा हे आधी ठाऊक होतं म्हणून! उतरण्याच्या थोडं आधी तो थांबला. यान आदळलं होतं. पण शेवटपर्यंत त्याचं ऐकणारं कुणीतरी होतं.

असो. दिवाळीला याल तेव्हा टीव्ही बंद ठेवा. आणि बोलण्याआधी "अण्णा" अशी एक हाक मारा. कुणाकडे कान द्यायचा ते मला कळेल.