तो, ती, ते आणि 'द'

आमची आत्या साताऱ्याला असते. तीस वर्षं मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाली. तिची नात मेलबर्नला, वय वर्षं आठ. नातीला मराठी जेमतेम कळतं, म्हणून आत्याने सत्तरीत इंग्रजी बोलायला घेतलं. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर छान चाललं होतं. मग एकदा आत्या म्हणाली, "आय वेटेड फॉर अ अवर", आणि नात खळखळून हसली. मुद्दाम नव्हे हो, लहान पोर ती. पण पुढचे दोन रविवार आत्याने "आज रेंज नाही" म्हणून फोन टाळला. मला कळलं तेव्हा पोटात कालवलं.

"अरे, नियम पाठ आहेत मला," आत्या म्हणाली. "ए, ई, आय, ओ, यू आलं की ॲन. तर्खडकरांच्या पाठमालेपासून घोकलंय. अवरच्या पुढे तर एच आहे ना?"

म्हटलं, आत्या, तू स्पेलिंग विसर आणि शब्द देवनागरीत लिही. 'अवर'ला आधी अ, म्हणजे स्वर, म्हणून ॲन. 'युनिव्हर्सिटी'ला य, व्यंजन, म्हणून अ. 'एम. ए.'ला ए, म्हणून ॲन. 'वन-डे'ला व, म्हणून अ. इंग्रजाच्या पोराला जे कानाने कळतं ते आपल्याला लिपीच दाखवते. आत्या पाच मिनिटांत तयार! मग तिने खरा मास्तरीणबाईंचा प्रश्न विचारला. "पण हे आलं कुठून? आपलं अडतं का याच्यावाचून?"

तर झालं असं. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आजच्यासारखा एकच एक 'द' नव्हता. होतं ते दर्शक सर्वनाम, आणि तेही तीन लिंगांत: से, सेओ, थॅट. म्हणजे आपलं तो, ती, ते! नामांना विभक्तीचे प्रत्ययसुद्धा होते. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, आणि बाईसाठीचा 'वीफ' हा शब्द (आजचा वाइफ) चक्क नपुंसकलिंगी. आत्या यावर इतकी हसली की चहा सांडला. :)

हे प्रत्यय आधीपासूनच झिजत होते. त्यात १०६६ साली नॉर्मन आले, दरबारात फ्रेंच बसली आणि इंग्रजीला लेखी वळण लावणारं कुणी उरलं नाही. पीटरबरोच्या मठातली बखर ११५४ पर्यंत लिहिली गेली. तिच्या शेवटच्या पानांत ही पडझड सरळ दिसते. लिंगं विस्कटलेली, प्रत्यय गळलेले, आणि तिघांच्या जागी 'द' येऊन बसलेला.

'ॲन'ची गोष्ट त्याहून सोपी. तो मूळचा 'एक'. आपण 'एक राजा होता' म्हणतो तेव्हा कुठे मोजत असतो? तसाच. पूर्वी सगळीकडे न होताच, पुढे व्यंजनाआधी तो गळला. म्हणजे आपण शाळेत उलटं शिकलो. स्वर आला की न लावायचा नसतो, तो तिथे फक्त टिकून राहिलाय.

या न ने गोंधळही घातले. एप्रन मूळचा 'नॅप्रन', पण 'अ नॅप्रन'चं ऐकता ऐकता 'ॲन एप्रन' झालं. क्रिकेटचा अंपायरही तसाच. जुन्या फ्रेंचमधला 'नॉनपेर', म्हणजे जोडीत नसलेला, तिसरा माणूस. इंग्रजीत त्याचा न सुटून 'अ'ला चिकटला. (आपल्या नारिंगाचा न मात्र इंग्लंडला पोचण्याआधीच वाटेत सांडला होता, तो दोष इंग्रजांचा नाही.)

आत्याला मी एक घरगुती कसोटी दिली. मराठीत 'तो, आपला ठरलेला' म्हणता आलं तर द, 'कुठला तरी एक' असेल तर अ. बऱ्याचदा चालते. पण गंगेला द लागतो आणि एव्हरेस्टला नाही, ते पाठच करावं लागतं.

गेल्या रविवारी आत्याने स्वतःहून फोन लावला आणि नातीला अंपायरची गोष्ट सांगितली, इंग्रजीत, अडखळत. नात धावत बापाला विचारायला गेली, त्याला माहीत नव्हतं. परत येऊन म्हणाली, आजी, आणखी एक सांग.

'द' मात्र आत्या अजून आपल्या दगडातल्या द सारखाच म्हणते. त्याला मी हात लावलेला नाही.