बंदुकीची नळी व कुंदा : महाड-पोलादपूरकडील जुन्या हत्यारांच्या कालनिर्णयासंबंधीं

महाड व पोलादपूर या भागांत जुन्या बंदुकीची गोष्ट निघाली म्हणजे ती ‘शिवकालीन’ ठरावयास वेळ लागत नाहीं. रायगड महाड तालुक्यांत, तानाजी मालुसऱ्यांचें उमरठ पोलादपूर तालुक्यांत. तेव्हां अशी समजूत होणें स्वाभाविकच आहे. तरवारीची मूठ बदलते हें संग्राहक जाणतात. बंदुकीचा कुंदा बदलतो हें मात्र बहुधा ध्यानांत घेत नाहींत. लोखंडाची नळी, लाकडाचा कुंदा व बत्ती देणारा चाप हीं तीन अंगें तीन निरनिराळ्या काळांतलीं असूं शकतात.

प्रथम कालमर्यादा पाहूं. जावळी १६५६ सालीं शिवाजीमहाराजांनीं घेतली व त्याच वर्षीं रायरी हातीं आली. तीच पुढें रायगड झाली. १६८९ सालीं गड मोगलांकडे गेला. पुढें तो पुन्हा मराठ्यांकडे आला आणि १८१८ च्या मे महिन्यांत कर्नल प्रॉथर यानें इंग्रजांकरितां घेतला. म्हणजे ‘गडावरची बंदूक’ एवढ्या परंपरेंत १६२ वर्षें व एकाहून अधिक सैन्यें सामावतात. लोखंड इतकीं वर्षें टिकतें. सावित्रीकांठच्या पावसांत लाकूड तितकें टिकेलच असें नाहीं.

नळी घडविण्याची रीत अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’ंत दिली आहे. पूर्वीं पत्रा वळवून त्याच्या कडा जोडीत. अकबराच्या कारखान्यांत चपटें लोखंड तिरपें गुंडाळून, तापवून सांधूं लागले. बंदुकीवर लोखंडाचें वजन, कारागीर, स्थळ व साल यांच्या खुणा करीत, असेंही तो सांगतो. कारखान्याची नोंद लोखंडावर होते, लाकडावर नव्हे, हें येथें लक्ष्यांत ठेवण्याजोगें आहे.

आतां जोडणीकडे वळूं. कुंद्याला लांब खांच पाडून तींत नळी निजवितात. खांच बरोबर बसली कीं नाहीं हें पाहण्याची जुनी युक्ति अशी कीं, नळीच्या पोटास काजळी लावून ती लाकडांत दाबावी. जेथें काळा डाग उठेल तेथेंच पटाशीनें कण कण काढावा, आणि सर्वत्र सारखा डाग उठेपर्यंत हेंच करीत राहावें. खरी कसोटी नळीच्या बुडाशीं असते. बार उडतांच नळी मागें रेटते. तो रेटा बुडाच्या सगळ्या रुंदीनें लाकडावर पडला पाहिजे. एकाच कोपऱ्यावर पडला तर कुंदा मुठीपाशीं चिरतो.

देशी तोड्याच्या बंदुकींत नळी चामड्याच्या वादीनें, तारेनें किंवा धातूच्या कड्यांनीं कुंद्यास आवळीत. युरोपीय रीतींत नळीच्या पोटास लहान कान जोडून, लाकडांतून आडव्या खिळी घालून ती धरीत. ग्रँट डफ आपल्या १८२६ च्या इतिहासांत सांगतो कीं, हेटकऱ्यांपैकीं कांहीं, विशेषतः सावंतवाडीकडील, चकमकीची बंदूक वापरीत व ती कळ पोर्तुगीजांकडून लवकर आली होती. तेव्हां कोंकणांत दोन्ही रीती शेजारीं शेजारीं नांदत होत्या.

यावरून परीक्षेचे तीन प्रश्न निघतात. पहिला, अठपैलू नळी गोल खांचेंत आहे काय? असल्यास ती खांच त्या नळीची नव्हे. दुसरा, वादीनें आवळलेल्या नळीच्या पोटास आडव्या खिळीचे कान अथवा ते कापल्याच्या खुणा आहेत काय? असल्यास ती पूर्वीं युरोपीय धर्तीच्या कुंद्यांत होती. तिसरा, बत्तीच्या छिद्राजवळ रंजकाची वाटी कानशीनें उडविल्याची खूण आहे काय? देशी तोड्याच्या बंदुकींत ही वाटी नळीसच जोडलेली असे, चकमकीच्या बंदुकींत ती चापावर असते. म्हणून अशी खूण म्हणजे रूपांतराचा पुरावा. स्फोटक द्रव्यावर चालणाऱ्या चापाचें पेटंट विलायतेंत १८०७ सालीं झालें व केप त्याच्याही मागून आले. सबब केपाची ठासणीची बंदूक आहे त्या रूपांत शिवकालीन असणें शक्य नाहीं. तिची नळी मात्र असूं शकेल.

पोलादपूर या नांवांत पोलाद आहे म्हणून तेथें नळ्या घडत, असें अनुमानही कोणी करूं नये. नांव हें संशोधनाचें निमित्त होय, पुरावा नव्हे.

एक विनंति संग्राहकांस आहे. जुलै २०२१ च्या पुरानें महाड शहर बुडविलें. अशा पाण्यांत लाकूड फुगतें आणि नळीच्या पोटाचा गंज खांचेंत लपून वाढतो. तरी घाईनें नळी उपटूं नये. प्रथम गज आंत घालून खोली मोजावी व ती बाहेरून बत्तीच्या छिद्रापर्यंतच्या लांबीशीं ताडून पाहावी. कमी भरल्यास आंत जुना बार असण्याचा संभव आहे, व अशी बंदूक जाणत्याच्या हातींच द्यावी. मग वाद्या, कडीं व खिळी यांचीं चित्रें काढून नंतरच नळी सोडवावी. मोडका कुंदा टाकून नवा बसविणें म्हणजे दप्तराचें वेष्टन फेंकतांना त्यावरील तारीखही फेंकणें होय.

घराण्याची परंपरा खोटी ठरविण्याचा हा उद्योग नव्हे. कुंदा नवा ठरला म्हणून नळी नवी होत नाहीं. उलट, जीर्ण लाकूड टाकून तीच नळी पुन्हा बसवून घेणाऱ्यानें तिची किंमत ओळखली होती, एवढें तरी त्यावरून सिद्ध होतें.