रहिवासी-सहभागी वस्ती पुनर्विकास
महापालिकेने राहत्या लोकांना सोबत घेऊन जुन्या वस्तीची केलेली पुनर्बांधणी. महाराष्ट्रातील ठळक उदाहरण पुण्याच्या येरवड्याचे. 2005 च्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानांतर्गत येथे पक्की घरे राखून केवळ कच्ची पाडली गेली. कच्चे घर पाडलेल्या प्रत्येक कुटुंबाला 270 चौरस फुटांचे घर; त्याचा दहा टक्के खर्च कुटुंबाचा. महिला मिलन या वस्त्यांतील स्त्रियांच्या संघटनेने घरोघरी सर्वेक्षण केले, आराखड्यांवर चर्चा घडवली. आराखड्यातील एका प्रकारात घर खांबांवर उचलून तळ मोकळा ठेवला होता, पुढे दुकान किंवा खोली काढता यावी म्हणून. शेजार मोडला नाही, हे या कामाचे खरे मोल. जळगाव नगरपालिकेची 1990 च्या दशकातील घरकुल योजना मात्र अर्धवट राहिली. त्या योजनेतील गैरव्यवहाराच्या प्रकरणात धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 2019 मध्ये 48 जणांना दोषी ठरवले.