रजेच्या हिशेबातील आईवडील

प्रांत सोडून दूर नोकरीस राहिलेल्या आम्हां कारकुनांच्या घरांतील म्हातारपणाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास बखरींपेक्षा सरकारी परिपत्रकेच अधिक उपयोगी पडतील.

१ जुलै १९५४ रोजी दिल्लीत केंद्र सरकार आरोग्य योजना सुरू झाली. तिच्या कुटुंबात अवलंबून असलेले आईवडीलही मोडतात. मात्र त्यांनी कर्मचाऱ्याजवळ राहिले पाहिजे. ऑक्टोबर १९५६ मध्ये रजा प्रवास सवलत आली आणि गावी जाण्याच्या भाड्याचा भार हलका झाला. एक योजना आईवडिलांस आमच्याकडे बोलावते, दुसरी आम्हांस त्यांच्याकडे धाडते. परंतु जन्माचा वाडा सोडून परभाषी शहरातील दोन खोल्यांत येण्यास वृद्ध माणसे नाखूष असतात, हे कोणत्या नियमात बसावे?

१९७२ च्या रजा नियमांत २००८ साली महिला कर्मचाऱ्यांसाठी ७३० दिवसांच्या बालसंगोपन रजेची भर पडली. आईवडिलांसाठी तशी रजा निघाली नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत हा प्रश्न निघाला, तेव्हा वर्षाची ३० दिवसांची अर्जित व २० दिवसांची अर्धवेतनी रजा त्यासाठी वापरता येईल, असे उत्तर मिळाले.

उत्तर नियमास धरून होते. पण त्यात एक खाच आहे. स्वतःच्या आजारात वैद्यकीय दाखल्यावर पूर्ण वेतनी रजा मिळते, ती याच अर्धवेतनी रजेतून, आणि तीही दुप्पट दिवस वजा करून. वडिलांच्या पक्षाघातात ज्याने ही शिल्लक खर्चिली, त्याचा रक्तदाब चढला की त्याचे खाते रिकामे असते. रात्री जागून सकाळी कचेरी गाठणारा असा मनुष्य स्वतःचे औषधपाणी पुढे ढकलतो. शुश्रूषा करणाऱ्याचे दुखणे फायलीत कोठेच उमटत नाही.

८ ऑक्टोबर २०१८ चे एक परिपत्रक मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. प्रमाणित दिव्यांगत्व असलेल्या आईवडिलांची काळजी वाहणाऱ्यास, प्रशासकीय अडचणी सांभाळून, नेहमीच्या बदलीतून सूट देता येते. कंपवाताचा समावेश त्या यादीत होतो. नुसत्या ऐंशी वर्षांच्या वयाचा होत नाही.

माता म्हणून कर्मचाऱ्याची दखल सरकारने घेतली. मुलगा वा मुलगी म्हणून ती अर्धीच घेतली आहे. ही उणीव आमच्या संघटनांनी वेतन आयोगापुढे मांडावी. तोवर भावंडांनी शुश्रूषेच्या पाळ्या वाटून घ्याव्यात, आणि वडिलांस तपासणीस नेऊ त्याच दिवशी आपणही आपला रक्तदाब मोजून घ्यावा.