मधुबालाला मधुबालाचाच सिनेमा बघता आला नसता!

आजचा भाग आहे सिनेमा सुरू व्हायच्या आधी पडद्यावर दहा सेकंद दिसणाऱ्या त्या प्रमाणपत्राबद्दल. आपण तोवर पॉपकॉर्न सांभाळत असतो, नाहीतर मोबाईल सायलेंटवर टाकत असतो. यू, यूए, ए. ही अक्षरं कोण ठरवतं? आणि कधीपासून?

सुरुवात करतो माझ्या मालाडपासून. मालाड पश्चिमेला, एस. व्ही. रोडच्या बाजूला, आज छोट्या कारखान्यांची आणि गाळ्यांची दाटी आहे. तिथे 1934 मध्ये हिमांशू राय आणि देविका राणी यांनी ‘बॉम्बे टॉकीज’ उभारली. स्वतःचा स्टुडिओ, स्वतःची प्रयोगशाळा आणि पगारी कलाकार. 1942 च्या ‘बसंत’मध्ये इथेच एका नऊ वर्षांच्या मुलीने काम केलं. तेव्हा तिचं नाव बेबी मुमताज होतं. पुढे तीच मधुबाला झाली.

आता गंमत ऐका. 1950 मध्ये तिचा ‘हँसते आँसू’ आला. प्रौढांसाठीचं ‘ए’ प्रमाणपत्र मिळालेला पहिला भारतीय सिनेमा म्हणून त्याचं नाव घेतात. मधुबालाचा जन्म फेब्रुवारी 1933 चा. म्हणजे तिला अठरा पूर्ण व्हायची होती. नायिका म्हणून पडद्यावर चालते, पण तिकीट काढून आत बसायला गेली तर नियमाने बाहेर!

पण त्याआधीची तीस वर्षं काय होतं? इंग्रजांनी 1918 मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा केला आणि 1920 मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे सेन्सॉर बोर्डं बसवली. मुंबईच्या बोर्डावर अध्यक्ष कोण? पोलीस कमिशनर! यावरूनच ओळखा. प्रेक्षकाचं वय किती, हा प्रश्नच नव्हता. सिनेमा एकतर सगळ्यांसाठी पास, नाहीतर कोणासाठीच नाही. काळजी होती ती राज्याची. 1921 मध्ये ‘भक्त विदुर’वर मद्रास आणि कराचीत बंदी आली. का? तर त्यातला विदुर गांधीजींसारखा दिसत होता.

मालाडच्या लोकांनी यातूनही वाट काढली. 1943 चा ‘किस्मत’ बॉम्बे टॉकीजचाच. त्यात परकीयांना ‘चालते व्हा’ म्हणणारं कवी प्रदीप यांचं गाणं आहे. गाण्यात नावं जर्मनी आणि जपानची, म्हणजे इंग्रजांच्या शत्रूंची. त्यामुळे सेन्सॉर खूश. थिएटरातल्या पब्लिकला मात्र बरोबर कळलं, कोणाला चालते व्हा म्हणताहेत ते.

स्वातंत्र्यानंतर, 1949 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्यांदा दोन खाने पडले: ‘यू’ सगळ्यांसाठी, ‘ए’ फक्त प्रौढांसाठी. 1951 मध्ये सगळ्या देशासाठी एकच केंद्रीय बोर्ड आलं आणि 1952 मध्ये नवा कायदा. विचार चांगला होता. अख्ख्या सिनेमावर बंदी घालण्यापेक्षा लहानांना बाहेर ठेवा, मोठ्यांना बघू द्या. पण झालं तसंच का?

इथे दुसरी मालाडशी जोडलेली व्यक्ती येते, ख्वाजा अहमद अब्बास. बॉम्बे टॉकीजच्या 1941 च्या ‘नया संसार’ची कथा त्यांची. पुढे त्यांनी ‘चार शहर एक कहानी’ नावाचा माहितीपट केला, जेमतेम सोळा मिनिटांचा. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या शहरांतली श्रीमंती आणि त्याच शहरांतली गरिबी त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्यं त्यात होती. बोर्ड म्हणालं, ‘ए’. ‘यू’ हवं असेल तर ती दृश्यं कापा. अब्बास थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. खटला चालू असताना सरकारने काटछाट न करता ‘यू’ द्यायची तयारी दाखवली. पण अब्बास म्हणाले, प्रश्न माझ्या एकट्याच्या सिनेमाचा नाही. 1970 मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने निकाल दिला: सिनेमा आधी तपासणं घटनेत बसतं, पण नियम स्पष्ट हवेत आणि कलेला जागा हवी. म्हणजे अब्बास मुद्दा हरले, पण बोर्डालाही कानपिचक्या मिळाल्या.

1983 मध्ये बोर्डाच्या नावातून ‘सेन्सॉर’ गेलं आणि ‘प्रमाणन’ आलं. सोबत ‘यूए’ आलं, म्हणजे बारा वर्षांखालच्यांनी पालकांच्या सल्ल्याने बघावं. डॉक्टरांसारख्या ठराविक वर्गासाठी ‘एस’ही आलं. काम कसं चालतं? निर्माता अर्ज करतो. बोर्डाचा एक अधिकारी आणि सल्लागारांपैकी काही जण, महिलाही, सिनेमा बघतात. प्रत्येक जण आपलं मत लिहून देतो. पटलं नाही तर पुनर्परीक्षण समिती. तिथेही पटलं नाही तर पूर्वी अपील न्यायाधिकरण होतं. ते 2021 मध्ये बंद झालं, आता थेट उच्च न्यायालय.

आता मुद्द्याची गोष्ट. ‘ए’ मिळालं की नुसती लहान मुलं बाहेर राहत नाहीत, पैसाही बाहेर राहतो. घरच्या सगळ्यांची तिकिटं जातात. शिवाय 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर टीव्हीवर फक्त ‘यू’ आणि ‘यूए’ सिनेमेच दाखवता येऊ लागले. मग निर्माता काय करतो? ‘यूए’ मिळावं म्हणून स्वतःच कात्री हातात घेतो. हा शब्द काढा, तो शॉट छोटा करा. म्हणजे पाटी मुलांसाठी लावली, पण कात्री चालली मोठ्यांच्या सिनेमावर. पंचवीस वर्षांचा माणूस रीतसर तिकीट काढून आत बसतो आणि तेरा वर्षांच्या मुलासाठी कापलेला सिनेमा बघतो. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते.

2023 च्या दुरुस्तीने ‘यूए’चे तीन भाग केले: 7+, 13+ आणि 16+. टीव्हीसाठी वेगळं प्रमाणपत्र द्यायची सोयही झाली. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. हे तीन आकडे पालकांच्या माहितीसाठी आहेत. 16+ लिहिलंय म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाला थिएटरवाला हाकलू शकत नाही. तो निर्णय घरच्यांचा. ‘ए’चं मात्र तसं नाही. तिथे अठराच्या आतल्याला आत सोडणं गुन्हा आहे, म्हणून मल्टिप्लेक्सच्या दारात ओळखपत्र मागतात.

आणि तुमच्या हातातला मोबाईल? ओटीटीला हे बोर्ड लागूच नाही. 2021 च्या नियमांनुसार प्लॅटफॉर्म स्वतःच वयाचे शिक्के मारतात. मोठ्यांच्या मजकुराला वय तपासायची सोय आणि लहानांसाठी लॉक द्यायचं, बास. तो लॉक लावायचा घरच्यांनी. आणि त्याचा पासवर्ड घरात कोणाला ठाऊक असतो, ते मी सांगायला नको!

1920 मध्ये हे पोलीस कमिशनर ठरवायचे, नंतर बोर्ड ठरवू लागलं, आता मोठा वाटा आईबाबांवर येऊन पडलाय. मला हे बरंच वाटतं, पण एका अटीवर. घरात त्या विषयावर बोलणं झालं पाहिजे. नुसता लॉक लावून भागत नाही. तुमच्या घरी हे कोण ठरवतं? ठरवताना तुम्हाला विचारतात का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!